भोवरा : शब्द, पाणी आणि भ्रम

आजचा विषय एका शब्दाचा आहे. शब्द लहान, रोजच्या वापरातला, आणि म्हणूनच दुर्लक्षित. ‘भोवरा’. पाण्यात गरगर फिरतो तो भोवरा, पोरं दोरी गुंडाळून जमिनीवर फेकतात तो भोवरा, बाळाच्या टाळूजवळ केस गोल फिरलेले असतात तोही भोवराच. आणि वर्तमानपत्र उघडलं की कुणी ना कुणी ‘वादाच्या भोवऱ्यात’ सापडलेला असतोच. एका शब्दाने इतकी कामं कशी काय अंगावर घेतली, आणि त्यातून आपल्या विचाराची काय सोय किंवा गैरसोय झाली, हे आज पाहायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने व्युत्पत्तीत का शिरावं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या शेवटाकडे आपोआप मिळेल, अशी आमची अपेक्षा आहे.

आधी शब्दाचं घराणं पाहू. संस्कृतात ‘भ्रम्’ असा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात तो दोन ठिकाणी येतो. एके ठिकाणी त्याचा अर्थ ‘चालणे, हलणे’ असा दिला आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘अनवस्थान’, म्हणजे एका जागी न टिकणे. हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. या धातूपासून भ्रमण झालं, परिभ्रमण झालं, भ्रम, संभ्रम, विभ्रम, भ्रांती हे सगळं झालं. आणि परंपरेने ‘भ्रमर’ हा शब्दही याच धातूला जोडला आहे. या फुलावरून त्या फुलावर फिरणारा, एका जागी न टिकणारा, तो भ्रमर.

आता भ्रमरचा भोवरा कसा झाला? प्राकृतात सुरुवातीचं जोडाक्षर सुटलं आणि ‘भमर’ झालं. पुढे अपभ्रंशात एक फार नियमित घडणारी गोष्ट घडली. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘म’ सैल होऊन नाकातला ‘व’ झाला. ग्रामचं गांव झालं, नामचं नांव झालं, आमलकाचा आंवळा झाला, श्यामलचा सांवळा झाला, जामातृचा जांवई झाला. त्याच वाटेने भमरचं ‘भवँर’ झालं. मग ‘अव’चा ‘ओ’ झाला, जसं लवणाचं लोण झालं आणि लोणार, लोणचं या शब्दांत राहिलं. अशा रीतीने ‘भोंवरा’ तयार झाला.

आमच्या पिढीतल्या लोकांनी लहानपणी ‘भोंवरा’, ‘गांव’, ‘नांव’ असं डोक्यावर टिंब देऊन लिहिलेलं आहे. ते टिंब उच्चारात ऐकू येत नाही म्हणून १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी ते काढून टाकलं. लिहिणाऱ्याची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते टिंब उगाच नव्हतं, इतकं सांगायला हवं. तिथे एकेकाळी ‘म’ राहत होता, त्याची ती खूण होती.

हिंदीकडे पाहिलं तर एक मजा दिसते. तिथे याच मुळातून ‘भँवर’ म्हणजे पाण्यातला भोवरा आणि ‘भौंरा’ म्हणजे भुंगा असे दोन वेगळे शब्द झाले, आणि लग्नातल्या अग्नीभोवतीच्या फेऱ्यांना ‘भाँवर’ म्हणतात. आपण मराठीत त्या किड्याचं काम ‘भुंगा’ या शब्दाकडे सोपवलं, तो ‘भृंग’वरून आला. आजच्या बोलण्यातल्या भोवऱ्यातून किडा उडून गेला आणि त्याचं गरगरणं तेवढं मागे राहिलं.

याच घरातली आणखी मंडळी मोजा. भोवती, सभोवार, भोवंडणे, भोवळ. आणि ‘भोवणे’. ‘त्याला ते प्रकरण चांगलंच भोवलं’ असं आपण म्हणतो. भोवणे म्हणजे मुळात गोल फिरणे. आपण केलेली गोष्ट फिरून आपल्याच अंगावर येते, ते भोवणं. कर्मसिद्धान्तावर ग्रंथ लिहिले गेले, पण शेतात काम करणारी बाई ‘भोवलं गं बाई’ म्हणते तेव्हा एका क्रियापदात तेच सांगत असते.

मात्र इथे सावध राहिलं पाहिजे. ध्वनी सारखा दिसला की नातं जोडायचा मोह होतो. ‘भुवई’चा भोवऱ्याशी संबंध नाही, ती ‘भ्रू’ची लेक. ‘भवसागर’ आणि ‘भवरा’ यांचंही नातं नाही. भवसागरातला ‘भव’ हा ‘भू’ म्हणजे होणे या धातूचा. कीर्तनात दोन्हींची सांगड घातली तर ऐकायला गोड लागतं, आणि कीर्तनकाराला तो अधिकार आहेच. व्युत्पत्ती सांगणाऱ्याला तो नाही.

संस्कृतात पाण्याच्या भोवऱ्याला खास शब्द आहे ‘आवर्त’. अमरकोशाच्या वारिवर्गात आवर्ताचा अर्थ सांगताना ‘पाण्याचा भ्रम’ असंच म्हटलं आहे, म्हणजे आपली ही दोन घराणी तिथे एकमेकांना भेटतात. आवर्तचा धातू ‘वृत्’, म्हणजे वळणे, फिरणे, असणे. वृत्त, वर्तुळ, वर्तन, परिवर्तन, प्रवृत्ती, निवृत्ती ही त्याची संतती. रसायनशास्त्रातली आवर्तसारणी त्याचीच. देवघरातल्या समईतली कापसाची वात ही ‘वर्ति’पासून आली, कारण ती वळलेली असते. ‘वाटोळा’ हा ‘वर्तुल’पासून आला. म्हणजे एखाद्याचं वाटोळं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा शब्दार्थाने त्याचा गोल झालेला असतो!

आणि आपल्या बीड जिल्ह्यात हा शब्द अगदी जिवाभावाचा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा आपल्या जिल्ह्यात येतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणापर्यंत पोचतो. कालव्याला पाणी सुटतं त्याला लाभक्षेत्रातला शेतकरी ‘आवर्तन’ म्हणतो. आवर्तन कधी सुटणार, या एका प्रश्नावर त्याच्या उसाचं आणि गव्हाचं भवितव्य ठरतं. पाणिनीचा धातू कालव्याच्या चारीवर इतक्या निकडीने उच्चारला जातो, हे संस्कृतच्या प्राध्यापकांनीसुद्धा एकदा जाऊन ऐकावं.

याच ‘वृत्’चा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘वर्तेरे’ म्हणजे वळवणे. त्यातून पाण्याच्या भोवऱ्याला ‘व्हॉर्टेक्स’ हा शब्द झाला आणि त्याचंच दुसरं रूप ‘व्हर्टेक्स’. या दुसऱ्या रूपाला डोक्याचा माथा असा अर्थ आला, कारण केस तिथे गोल फिरतात. म्हणजे जे साम्य आपल्या आजीला नातवाच्या डोक्यावर दिसलं आणि तिने त्याला ‘भोवरा’ म्हटलं, तेच साम्य रोमन माणसालाही दिसलं होतं. कुणी कुणाकडून घेतलं नाही. नदी दोघांकडे होती आणि बाळही दोघांकडे होतं. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाच्या अंगावरचा भोवरा कुठे आहे ते पाहतो, शुभ की अशुभ ठरवतो आणि त्यावर किंमत पाडून मागतो. इथे शब्द नुसता वर्णनाचा राहत नाही, त्याला बाजारभाव येतो.

आता शब्दाकडून पाण्याकडे जाऊ. भोवरा होतो कसा?

वाहतं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. मधली धार जोरात असते, काठाजवळचं पाणी मंद असतं. वेगवान पाणी आणि मंद पाणी एकमेकाला घासून जातात, तेव्हा त्या सीमेवर पाण्याला वळण मिळतं. पुलाचा खांब घ्या. पाणी खांबाला वळसा घालून पुढे जातं, पण खांबाच्या लगेच मागे जी आडोशाची जागा असते तिथलं पाणी संथ असतं. दोहोंच्या मध्ये भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि रांगेने खाली वाहत जातात. थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाने १९११-१२च्या सुमारास या रांगेचं गणित मांडलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. दुसरा प्रकार तळातून पाणी ओढलं जातं तेव्हाचा. धरणाचा दरवाजा, मोरीचं तोंड. पाणी मध्याकडे खेचलं जातं, फिरण्याची त्रिज्या कमी होते, तसा फिरण्याचा वेग वाढतो. गिरकी घेणारी नर्तकी पसरलेले हात छातीशी घेते आणि तिची गिरकी एकदम वाढते, तोच नियम.

यातून एक गोष्ट निघते आणि आजच्या व्याख्यानाचा कणा तीच आहे. भोवऱ्याचं कारण भोवऱ्यात नसतं. ते शेजारी असतं. खांबात असतं, दरवाज्यात असतं, तळाच्या खड्ड्यात असतं. पाण्यात स्वतःहून फिरायची हौस नसते.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी जाते. गेवराई तालुक्यात राक्षसभुवन, पांचाळेश्वर, पुढे माजलगाव तालुक्यात मांजरथ, जिथे सिंदफणा गोदेला मिळते. दोन नद्यांचा संगम म्हणजे दोन वेग, दोन दिशा. तिथे भोवरे असायचेच. १७६३च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, तेव्हा भरलेल्या गोदावरीमुळे निजामाची फौज दोन तीरांवर विभागली गेली होती आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच तीरावर मारला गेला. नदी इतिहासात केवळ देखावा म्हणून नसते, तिची बाजू असते. बीड शहराने १९८९च्या जुलैमध्ये बिंदुसरेचा पूर पाहिला. एरवी जिच्यात पाय ओले होत नाहीत अशी नदी एका रात्रीत वस्त्या आणि माणसं घेऊन गेली.

नदीकाठची जुनी माणसं सांगायची, अमुक ठिकाणी डोह आहे, अमुक खडकाच्या खाली भोवरा आहे, तिकडे जाऊ नका. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं. नदीचा तळ पिढ्यान्‌पिढ्या साधारण तसाच राहायचा, म्हणून ते टिकलं होतं. आता वाळूचा बेसुमार उपसा होतो. काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज पुरुषभर खड्डा असतो आणि वरून पाणी सारखंच दिसतं. पोरगं उतरतं, तळ सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘भोवऱ्यात सापडून मृत्यू’ अशी बातमी येते. मित्रहो, हे वाक्य नीट वाचा. व्याकरणाने त्यात दोषी कोण आहे? भोवरा. खड्डा कुणी खणला, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नाही. भोवऱ्याला कुणी अटक करत नाही.

म्हणून ‘भोवरा म्हणजे काय’ हा प्रश्न नुसता शब्दकोशाचा नाही. तो तत्त्वज्ञानाचाही आहे. खांबामागे भोवरा दिसतो. तासाभराने पाहिलं तरी तिथेच दिसतो. आपण म्हणतो, ‘तोच भोवरा.’ पण त्यातलं पाणी केव्हाच पुढे गेलं. मग ‘तोच’ म्हणजे कोण? नैयायिक म्हणतो, अवयवी हा अवयवांहून वेगळा असतो, घडा म्हणजे केवळ खापऱ्या नव्हेत. पण भोवऱ्याचे अवयव क्षणाक्षणाला बदलतात, तेव्हा त्याची अडचण होते. बौद्ध म्हणतो, अडचण कसली? क्षणांची एक ओळ आहे, तिला तुम्ही सोयीसाठी एक नाव दिलं. वसुबंधूने तर आलयविज्ञानाला नदीच्या ओघाचीच उपमा दिली आहे. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो, तोही असाच वाहता, वरून तोच दिसणारा. अद्वैती म्हणेल, पाणी खरं. भोवरा हे नाम आणि रूप.

आता अद्वैत हे आपल्या जिल्ह्याला परकं नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा मानला जातो. मराठीत अद्वैत सांगायचा तो फार जुना प्रयत्न. विवेकाला त्यांनी सिंधूची उपमा दिली, यातही पाणी आलंच.

पण भोवरा नुसतं नामरूप आहे असं म्हणून आपली सुटका होते का? नामरूपात बुडालेला माणूस खरोखर बुडतो. शंकराचार्यांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या परंपरेने व्यावहारिक सत्ता वेगळी मानली. परमार्थाने भोवरा नाही, व्यवहारात आहे, आणि पोहायला जाणाऱ्याने व्यवहार पाहावा.

याच ठिकाणी ‘भ्रम’ शब्दाचा दुसरा अर्थ उजेडात येतो. गोल फिरणे याचा अर्थ चुकीचं ज्ञान असा कसा झाला? गौडपादांच्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणाचं नाव ‘अलातशांति’. अलात म्हणजे जळतं कोलीत. अंधारात ते गरगर फिरवलं की विस्तवाचं चाक दिसतं. चाक तिथे नाही. आहे एक ठिणगी आणि तिचं फिरणं. फिरणं थांबलं की चाक नाहीसं होतं. भ्रमणातून भ्रम होतो, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला नाही. दुसरा दाखला प्रत्येकाने बालपणी घेतला आहे. स्वतःभोवती गरगर फिरायचं आणि एकदम थांबायचं. आपण थांबतो, पण अंगण, झाड, घर फिरत राहतं. त्याला आपण भोवळ म्हणतो. शरीरशास्त्र सांगतं की कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण थांबलो तरी तो द्रव काही क्षण हलत राहतो आणि मेंदूला ‘अजून फिरतो आहोत’ अशी बातमी देतो. म्हणजे भोवळ येते तेव्हा कानात एक इवलासा भोवराच चालू असतो! ज्याने हा शब्द केला त्याला कान चिरून पाहायची सोय नव्हती. शब्द तरी बरोबर बसला.

‘अनवस्थान’ हा धातुपाठातला अर्थ आता आठवा. भ्रम म्हणजे मनाचं एका जागी न टिकणं. दोरी की साप, शिंपला की रुपं, यांत मन दोन्हींकडे हेलकावत राहिलं तर आपले नैयायिक त्याला संशय म्हणतात, आणि चुकीच्या जागी घट्ट बसलं तर भ्रम. गंमत अशी, की वेगाने फिरणारा लाकडी भोवरा अगदी स्थिर उभा दिसतो. पक्का भ्रमही तसाच असतो. त्यात सापडलेल्याला तो स्थिर सत्यासारखा वाटतो.

भोवऱ्याने जगाचंच कोडं सुटेल असंही काहींना वाटलं. ग्रीकांकडे ‘दिनोस’ म्हणजे गरगरणं; डिमॉक्रिटससारख्यांनी विश्वाची घडण त्यातून सांगितली. आरिस्तोफानेसच्या ‘मेघ’ या नाटकात एक भोळा म्हातारा समजतो की झ्यूस देवाला हाकलून दिनोस गादीवर बसला! पुढे देकार्तने १६४४मध्ये सांगितलं की अवकाश सूक्ष्म द्रव्याने भरलेलं आहे आणि त्याच्या प्रचंड भोवऱ्यांत ग्रह वाहत जातात. न्यूटनने १६८७मध्ये गणिताने दाखवलं की असे भोवरे ग्रहांच्या प्रत्यक्ष गतीशी जुळत नाहीत. उपमा सुंदर होती, समजायला सोपी होती, पण हिशोबाला उतरली नाही. उपमेची परीक्षा अशीच घ्यावी लागते.

आता आपल्या उपमांची घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि हंगाम संपला की परत येतात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेने. याला आपण सहज म्हणतो, ‘कर्जाचा भोवरा.’ शब्द चूक नाही. फिरून तिथेच येणं त्यात आहे, आत ओढलं जाणंही आहे. पण या शब्दाबरोबर एक समजूत गुपचूप येते, की हे पाण्यासारखं नैसर्गिक आहे, दैवाचं आहे, कुणी केलेलं नाही. पाण्याचा अभ्यास करणारा माणूस असं कधीच म्हणणार नाही. तो खांब शोधील. इथे खांब कोणता? मजुरीचा दर कोण ठरवतं, उचलीचा हिशोब कुणाच्या वहीत असतो, गावात रब्बीला पाणी का नसतं, आवर्तन कुणाच्या शेतापर्यंत पोचतं आणि कुणाच्या पोचत नाही? ही उत्तरं भोवऱ्यात सापडलेल्या माणसाकडे पाहत बसून मिळायची नाहीत.

‘वादाच्या भोवऱ्यात’ हीही तशीच लबाड जोडणी. मंत्री, अधिकारी, संस्था, सगळे भोवऱ्यात ‘सापडतात’. जणू ते नदीवर स्नानाला गेले होते आणि पाय घसरला. कुणी काय केलं, कुणाचं काय नुकसान झालं, हे त्या दोन शब्दांखाली बुडून जातं. वार्ताहराला घाई असते हे आम्ही समजू शकतो. वाचणाऱ्याला मात्र तेवढी घाई नसावी.

तर व्युत्पत्तीत शिरायचं कारण हे. शब्दाचं मूळ कळलं म्हणजे सत्य कळलं, असा आमचा दावा नाही. भ्रमरापासून भोवरा आला, एवढ्याने नदीत उतरलेलं पोर वाचत नाही. पण शब्द कुठून आला, वाटेत त्याने काय टाकलं, काय उचललं, हे पाहायची सवय लागली की तो आपल्याला कुठे ओढून नेतो आहे तेही दिसू लागतं. विवेक म्हणजे वेगळं करणं. फिरणारं पाणी वेगळं, त्याला फिरवणारं वेगळं.

पुढच्या खेपेला कुठेही ‘भोवरा’ हा शब्द दिसला, बातमीत, भाषणात किंवा स्वतःच्याच बोलण्यात, तर तीन प्रश्न विचारा. फिरतं आहे काय? ते कशाला अडून फिरतं आहे? आणि तो अडथळा तिथे कुणी ठेवला? पहिल्या प्रश्नाला शब्दकोश पुरतो, दुसऱ्याला विज्ञान लागतं. तिसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र गावातल्या माणसांनाच एकत्र बसावं लागेल.